वीस किल्ल्यांचा खेळ

मामाच्या घरात त्या दिवसांत सगळ्यांत जास्त जपलं जायचं ते एका काळ्या डब्याला. ओंजळीत मावेल एवढा तो डबा. एका बाजूची वायर भिंतीवरच्या बोर्डात आणि दुसऱ्या बाजूची टीव्हीखालच्या पांढऱ्या खोक्यात. मामा त्याला अडॅप्टर म्हणायचा. टीव्हीवर खेळायचा गेम त्याच्यावर चालायचा, आणि तासाभरात तो इतका तापायचा की बोट ठेववत नसे. मामीनं पहिल्याच दिवशी त्याला हात लावून बघितला, म्हणाली, "अगं बया, याला तर ताप भरलाय," आणि उचलून माठाखालच्या ओल्या वाळूवर नेऊन ठेवला. आमच्याकडं लोणी, कोथिंबीर, पानं, जे गार ठेवायचं ते माठाखालच्या वाळूतच ठेवायची रीत. मामा ड्यूटीवरून आला आणि दारातूनच ओरडला, "अगं, काय मरायचा इचार हाय का? करंट हाय त्याच्यात!" मामी म्हणाली, "मग तापू देऊ का तसंच? आणलंय तुम्हीच एवढं मुंबईहून." शेवटी असं ठरलं की डबा फरशीवर ठेवायचा आणि पोरी खेळत असतील तेव्हा कुणीतरी त्याला वारा घालायचा. "यमी घालील की," मामी म्हणाली. यमी म्हणजे मी.

मी मामाकडं राहायला आले त्याला कारण असं काही मोठं नव्हतं. आमचं घर पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला. वडिलांच्या मेंढ्या होत्या. चरायची रानं होती तिथं हळूहळू खांब रोवले गेले, प्लॉट पडले, मेंढ्या निम्म्यावर आल्या. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती कोकरं सांभाळायला, आणि मग कोकरंही उरली नाहीत. मामा वाळूजला कंपनीत कायम झालेला, दोन खोल्यांचं पक्कं घर, मामी ब्लाऊज शिवायची आणि कामाला हात कमी पडायचे. आई म्हणाली, जा, शहर बघशील. मी शहर बघितलं ते बहुतेक मामाच्या खिडकीतूनच. पहाटे कंपनीच्या बसचा हॉर्न, निळ्या कपड्यांतली माणसं डबे घेऊन पळताना, दुपारभर मामीच्या मशीनचा घरघराट, मधेच लांबून अजान, आणि संध्याकाळी गल्लीभर येसर आमटीचा वास. मामीच्या येसरात, म्हणजे आमटीच्या भाजणीच्या पिठात, भाजलेले गहू जरा जास्त असायचे, म्हणून आमटी दाट व्हायची. तसली आमटी मला अजून जमलेली नाही.

मंगल ही मामाची एकुलती एक मुलगी, माझ्याच वयाची, नववीत. आम्ही एका गोधडीवर झोपायचो. तिची वेणी मी घालायची, माझी ती घालायची. दुपारी फरशीवर सागरगोटे खेळायचो आणि त्यात मी तिला कधी जिंकू दिलं नाही. एरवी मात्र मी कुणासमोर बोलत नसे. पाहुणे आले की दाराच्या पडद्याआड उभी राहायचे. कुणी काही विचारलं तर मंगलच उत्तर द्यायची, "यमीला चहा नको." मला चहा हवा असायचा. पण माझ्या वतीनं कुणीतरी बोलतंय याचं मला इतकं बरं वाटायचं की चहा गेला तरी चालायचा. माझा जीव कुणावर होता तर तो मंगलवर होता. हे आज लिहितानाही मला जरा लाजल्यासारखं होतं.

मग सुशीला यायला लागली. सगळे तिला सुशी म्हणायचे. तिचे वडील, उत्तमकाका, मामाच्या शेजारच्याच मशीनवर होते. कंपनीच्या बसमध्ये दोघं एका सीटवर बसायचे आणि जेवणाच्या सुट्टीत एकमेकांचे डबे उघडायचे. उत्तमकाकांचं घर मागच्या ओळीत. ते बौद्ध होते. सुशी मंगलच्याच वर्गात, पहिल्या नंबरची. ती यायची ती सरळ आत येऊन पलंगावर मांडी घालून बसायची, कुणी बस म्हणायची वाट न बघता. मामाला विचारायची, "काका, तुमच्या मशीनवर आज किती पीस निघाले?" आणि मामा, जो घरात दोन शब्द बोलायचा नाही, तो तिला हातवारे करून मशीन समजावून सांगायचा. ती हसायची तेव्हा मामीचं मशीन सुद्धा ऐकू यायचं नाही. मामी तिला चहा द्यायची, पण तिचा कप माझ्याकडं न देता स्वतः विसळायची. मला ते दिसत होतं. ते का, हे मी विचारलं नाही, कारण त्या वेळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. मंगल आता शाळेतून आल्यावर 'यमे' अशी हाक मारायची नाही. 'सुशी आली का?' असं विचारायची.

मला तिचं सगळंच खुपायचं. तिची पुस्तकं खाकी कागदात घातलेली असायची आणि त्यावर तिचं नाव तिच्याच अक्षरात, एका रेषेत. ती इंग्रजी वाचायची. ती मंगलला गणित समजावताना तिच्या खांद्यावर हात टाकायची. मंगलच्या केसांत मी गजरा माळला तर ती म्हणायची, "यमी काय छान माळती गं," आणि मला वाटायचं ही मला नोकर समजते. ती खरंच चांगलं म्हणत असेल असं माझ्या मनात एकदाही आलं नाही. कुणाचा राग धरायचा ठरवला की त्याचं चांगलं बोलणं जास्त टोचतं, निदान मला तरी तसं व्हायचं.

गेम आला तो या दिवसांत. पांढऱ्या खोक्यात कॅसेट खोचायची, की टीव्हीवर खेळ. कॅसेटी दोनच होत्या. एक किल्ल्यांचा. भालेवाला घोडेस्वार, किल्ल्यात शिरायचं, पहारेकरी चुकवायचे, किल्ली शोधायची आणि मागच्या दारानं निघायचं, की पुढचा किल्ला. असे वीस. ते खोक्यावर लिहिलेलं सुशीनंच वाचून सांगितलं. एक बटण दाबलं की सगळं जागच्या जागी थिजायचं, पण बंद केलं की पुन्हा पहिल्या किल्ल्यापासून. दुसरी कॅसेट नावाड्याची. नदीतून ओंडके, भोवरे, मगरी येतात आणि होडी पलीकडं न्यायची. नद्या तीनच. तिसरी पार झाली की नावाडी दोन्ही हात वर करून नाचायचा आणि एक छोटीशी चाल वाजायची. दोन भाकरी भाजून होतील एवढ्या वेळात सगळा खेळ संपायचा.

तो मला आवडला. पहिल्यांदा मंगलनंच जबरदस्तीनं माझ्या हातात रिमोट दिला, आणि चारपाच दिवसांत मी तिन्ही नद्या पार करायला लागले. मेंढ्या ओढ्यातून काढताना मेंढ्यांकडं बघायचं नसतं, पाण्याकडं बघायचं असतं, हे वडिलांनी शिकवलेलं. मीही ओंडक्यांकडं बघायचे नाही. दोन ओंडक्यांमधल्या मोकळ्या पाण्याकडं बघायचे. नावाडी नाचला की ती चाल मी मनातल्या मनात पुन्हा म्हणायचे, भांडी घासताना सुद्धा.

"संपला पण?" मंगल म्हणाली. "चार मिनिटांत? याला काय गेम म्हणायचा? दाताला पण लागला नाय."

सुशी पलंगावर पालथी पडून बघत होती. "तुझ्या गेमचे किल्ले किती झाले?"

"नऊ."

"नऊ नाय, चार. पाचवा न् पहिला एकच हाय. लाल भिंती होत्या त्या हिरव्या केल्यात, बस. नीट बघ, तोच जिना, तीच विहीर. सहावा म्हंजे दुसरा."

"असू दे की एकच," मंगल फुरंगटली. "पण दिवस जातो का नाय त्याच्यात?"

"दिवस तर भूगोलाच्या तासालाबी जातो."

मामी मशीनवरून हसली. मंगलही हसली. मग सुशी माझ्याकडं वळली, "यमे, तुझ्या गेममधी एक ओंडकाबी फालतू नाय बघ. परत एकदा खेळून दाखव ना."

मी रिमोट खाली ठेवला आणि "कणीक तिंबायची हाय" म्हणून आत गेले. त्या घरात कणीक तिंबली जायची ती सणावारालाच. रोज भाकरीच असायच्या. माझं खोटं कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि कुणी बोललं नसेल.

माझी नात आता फोनवर असले गेम खेळते. परवा तोंड वाकडं करून म्हणाली, "आज्जी, हा फक्त सहा तासांचाय, पुढं काहीच नाही." मी विचारलं, चांगला हाय का? म्हणाली, "चांगला आहे गं, पण लवकर संपतो." तिला काय सांगणार? हा वाद आमच्या घरात कधीच मिटला होता. सुशीनं तो पलंगावर लोळत दोन वाक्यांत मिटवला होता, तोही माझ्या बाजूनं. जे मला भांडी घासताना नुसतं वाटत होतं, ते तिला बोलता येत होतं. माझा हेवा त्या दिवशी कमी व्हायला हवा होता, तो दुप्पट झाला.

विद्यापीठाच्या नावाचा वाद तेव्हा कितीतरी वर्षं चाललेला होता. मधेच थंड व्हायचा आणि मधेच पेटायचा. नामांतर होणार, नाही होणार, यावरून मोर्चे निघायचे, बंद व्हायचे, गावाकडून वाईट बातम्या यायच्या आणि मामी खिडक्या लावून घ्यायची. असाच एक बंद आला. शाळांना सुट्टी, कंपनीच्या बस मात्र पोलीस पुढं घालून चालू. मामा आणि उत्तमकाका त्याही दिवशी एका सीटवर बसून गेले, हे मामीला आवडलेलं नव्हतं. "लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. मामा म्हणाला, "लोकांनी सीट नाय दिली मला, त्यानंच धरून ठेवली होती."

सुट्टी मिळाली म्हटल्यावर मंगल आणि सुशीनं ठरवलं की आता वीसच्या वीस किल्ले घ्यायचेच. सुशीला तो खेळ फालतू वाटत होता, पण मंगलसाठी ती तयार झाली. एक हरली की दुसरी रिमोट घ्यायची. पहिल्या दिवशी सकाळपासून दिवे लागेपर्यंत तेरा किल्ले झाले. मग बटण दाबून खेळ थिजवला, टीव्हीवर चादर टाकली आणि डबा तसाच चालू ठेवला. मामा आला तेव्हा त्याला सांगितलंच नाही. मी दिवसभर फरशीवर बसून डब्याला वारा घालत होते. सुपानं घातला तर वारा जास्त लागायचा पण हात भरून यायचा, म्हणून ताडाचा पंखा घेतला. दोघींच्या पाठी माझ्याकडं होत्या. त्यांचे खांदे एकमेकींना लागलेले. "डावीकडं, डावीकडं! मर मेल्या!" असं त्या ओरडायच्या आणि एकमेकींच्या मांडीवर थापा मारायच्या. एकदा सुशी मागं वळून म्हणाली, "यमे, तू घे ना एक किल्ला, मी घालते वारा." मंगल म्हणाली, "तिला नाय जमायचं हे, तिला छोटाच आवडतो." तीच माझ्या वतीनं बोलायची सवय. पण आता मला त्याचं बरं वाटेनासं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणीस किल्ले झाले. मंगलनं आनंदानं सुशीला मिठी मारली. बटण दाबून खेळ थिजवला, टीव्हीवर चादर टाकली आणि म्हणाली, "विसावा किल्ला जेवून घ्यायचा. आणि ऐक, आज तू इथंच झोप. रात्रभर गप्पा मारू. आईला विचारून ये. यमे, तू आज मामीपाशी झोप हं."

एवढंच ती बोलली. तिच्या दृष्टीनं त्यात काहीच नव्हतं. मंगलला मामीनं ब्लाऊज अंगाला लावून बघायला आत बोलावलं. सुशी थोडा वेळ एकटीच टीव्हीपुढं बसून राहिली, चपला घालता घालता मला म्हणाली, "वारा घाल हं यमे, एकच राहिलाय," आणि तिच्या घरी पळाली. मी थोडा वेळ वारा घातला. मग उठले, बोर्डातली पिन ओढून काढली आणि पुन्हा खोचली. चादर बाजूला करून बघितलं. पडद्यावर घोडेस्वार पहिल्या किल्ल्याच्या दारात उभा होता. मी चादर नीट केली आणि परत फरशीवर बसले. डबा अजून गरम होता. मी त्याला वारा घालत राहिले.

मंगल आली, तिनं चादर काढली आणि किंचाळली, "यमे! हे काय झालं?"

"लाईट गेली होती," मी म्हणाले. "लगेच आली."

आतून मामी म्हणाली, "लाईट कुठं गेली? मशीनवरची ट्यूब चालूच हाय की माझी." ती गळ्यात टेप घेऊन बाहेर आली. मामीनं माझ्याकडं बघितलं, मग टीव्हीकडं. "मंगे, तू माझ्यापाशी होतीस. इथं कोण होतं?"

"सुशी होती. न् यमी."

"यमी कुठली? ती पाणी भरत असंल, नळ आला होता." मग मला म्हणाली, "व्हय का गं? तू नळावर होतीस ना?"

नळ तासाभरापूर्वीच येऊन गेला होता. मी मान हलवली.

"म्हंजे सुशी एकटीच होती इथं."

मी पुन्हा मान हलवली. पहिल्या वेळी जड गेलं होतं. दुसऱ्या वेळी काहीच जड गेलं नाही, हे मला नीट आठवतं.

तेवढ्यात सुशी आली. काखेत घडी घातलेली चादर, तोंडभर हसू. "आई हो म्हणली!" मग तिनं पडदा बघितला. "अगं, हे कुणी बंद केलं?"

"ते तूच सांग," मामी म्हणाली.

"मी? मावशी, मी कशाला बंद करीन? आमचा एकच किल्ला राहिला होता."

"इथं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं." मामीचा आवाज चढला. "मी यांना तरी म्हणत होते, या दिवसांत घरात कुणाला घेऊ नका. तुम्हा लोकांना सध्या लई चढलंय. दुसऱ्याच्या वस्तूची किंमत नाय."

गेमचं बोलणं तिथं संपलं होतं. हे सगळ्यांना कळलं, मला सुद्धा. सुशीचं हसू गेलं. तिनं मंगलकडं बघितलं. मंगल रिमोटची वायर बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. मग सुशी माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"यमे, तू सांग."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या बोलण्याची वाट बघत होतं. माझ्या वतीनं कुणी उत्तर देत नव्हतं. मी पंख्याच्या दांडीकडं बघत बसले. सुशी थोडा वेळ थांबली. तिला जितका वेळ थांबता आलं तितका ती थांबली असं मला आज वाटतं. मग चादर तशीच काखेत घेऊन गेली.

संध्याकाळी मामाला कळलं. तो आधी मामीवर चिडला, "खेळासाठी लोकाच्या लेकराला असं बोलतात व्हय?" मामी म्हणाली, "मग यमी खोटं बोलती का? इचारा तिला." मामानं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. "यमी कशाला खोटं बोलंल? ती बोलतच नाय." तो जेवला नाही. पुढं बसमध्ये तो आणि उत्तमकाका वेगळ्या सीटवर बसायला लागले. मामानं तोंडानं सांगितलं नाही, पण त्याच्या डब्यातली आमटी आता जशीच्या तशी परत यायची, कारण तो येसर उत्तमकाकांनाच आवडायचा. मामी ती आमटी संध्याकाळी गरम करून आम्हाला वाढायची. मी ती खायचे.

मला हवं होतं ते सगळं मिळालं. मंगल माझ्याशेजारी गोधडीवर झोपायला लागली, पण भिंतीकडं तोंड करून. माझ्यावर तिचा संशय नव्हता. ती स्वतःवरच चिडलेली होती, पण ते बोलून दाखवणं तिला जमत नव्हतं. किल्ल्यांची कॅसेट तिनं परत लावली नाही. "आता कोण एवढं पहिल्यापासून खेळणार," म्हणाली. टीव्ही मोकळा असायचा. मी वाटेल तेव्हा नावाड्याचा खेळ लावायचे आणि तिन्ही नद्या पार करायचे. नावाडी नाचायचा. पण पलंगावरून 'परत दाखव' म्हणणारं कुणी नव्हतं. ते मला नको होतं असं मीच समजत होते.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला. मागच्या ओळीत ढोल वाजले, निळे झेंडे लागले, घराघरांपुढं पणत्या. मामीनं दाराला आतून कडी लावली. मी कपडे काढायच्या निमित्तानं गच्चीवर गेले. खाली सुशी पांढरी साडी नेसून बायांच्यात नाचत होती, उत्तमकाका येणाऱ्याजाणाऱ्याला पेढे देत होते. मला वाटलं होतं ती कुठंतरी कोपऱ्यात रडत असेल. इतक्या दिवसांत मी मनात तिला तशीच बसवून ठेवलेली. तिला तसं नाचताना बघून मला आनंद व्हायला हवा होता, निदान सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला पुन्हा हेवाच वाटला. तिच्यापाशी एवढी माणसं होती, एवढा मोठा आनंद होता, आणि तो सगळ्यांसमोर नाचून दाखवायला ती लाजत नव्हती. माझ्यापाशी एका पिनेची गोष्ट होती, आणि ती सांगायला एकही माणूस नव्हतं.

पुढच्या आठवड्यात भाकरी थापता थापता मी उठले. काय झालं कुणास ठाऊक. हाताला पीठ तसंच होतं. मागच्या ओळीत गेले. सुशी दारातल्या दगडावर पुस्तक घेऊन बसली होती. मी तिच्यापुढं उभी राहिले आणि म्हणाले, "पिन मी काढली होती."

तिनं पुस्तकातून वर बघितलं. "काहून?"

"तू तिथं झोपणार होतीस."

मला वाटलं ती शिव्या देईल, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मला काय सांगतीस? मला माहीतच होतं मी काढली नाय म्हणून. तुझ्या मामीला सांग."

मी परत फिरले. मामी मशीनवर होती. मी तिच्या पाठीमागं उभी राहून सगळं सांगितलं, दोन-तीन वाक्यांत, जेवढं जमलं तेवढं. मामीनं हातानं मशीनचं चाक थांबवलं. वळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "तू?" म्हणाली. मग सुईतला दोरा तोडला. "असू दे. बरंच झालं. नायतर येणंजाणं तोडायला निमित्त कुठून आणलं असतं? आता कुणाला बोलू नको." आणि चाक फिरायला लागलं.

तव्यावरची भाकरी करपली होती. ती उतरवली, गॅस बंद केला आणि पुन्हा मागच्या ओळीत गेले. सुशी तिथंच बसलेली. या वेळी तिनं पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं होतं.

"सांगितलंस?"

"हं."

"काय म्हणल्या?"

मला तिथं काहीही सांगता आलं असतं. मामी रडली, मामी म्हणाली चुकलं, मामीनं तुला बोलावलंय. येताना वाटेत ही सगळी वाक्यं माझ्या तोंडाशी येऊन गेली होती, आणि तिला ती ऐकायला बरी वाटली असती. मला तिच्यापुढं जरा चांगलं व्हायचं होतं.

"बरंच झालं, म्हणल्या," मी म्हणाले. "येणंजाणं तोडायला निमित्त मिळालं, म्हणल्या."

सुशीनं ते पूर्ण ऐकून घेतलं. ती उठली, पुस्तक काखेत धरलं.

"हे खरं बोललीस," ती म्हणाली, आणि घरात गेली. दार तिनं लावलं नाही. मी थोडा वेळ उभी राहिले, पण आत गेले नाही.